मोडकी गाडी, धड दान

पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर हे दोन महामार्ग आळेफाट्याला एकमेकांना छेदतात. रस्ते आले तशी वाहतूक आली, वाहतुकीबरोबर अपघात आले आणि अपघातांबरोबर गॅरेजे. मंचर, कळंब, नारायणगाव करत आळेफाट्याकडे निघालेल्या माणसाला गॅरेजांच्या मागे, धाब्यांच्या कडेला, घरांच्या परड्यात उभ्या गाड्या दिसतात. बॉनेट चेपलेले, काच फुटलेली, टायर बसलेले. नंबरप्लेट मात्र जागेवर. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी जुन्नर आणि आंबेगावच्या पूर्व भागात ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे आणली आणि त्या पैशातून दारोदार गाडी आली. त्यातल्या बऱ्याच गाड्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि काही अपघातात सापडून अकालीच निवृत्त झाल्या आहेत. गाडी जुनी असेल तर तिचा विमा बहुधा फक्त ‘थर्ड पार्टी’ असतो, म्हणजे स्वतःच्या नुकसानीचा पैसा मिळत नाही. गॅरेजवाल्याने सांगितलेला दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा निघतो. भंगारात घालायला मन होत नाही. मग कुणाच्या तरी तोंडून विचार निघतो, की देऊन टाकू एखाद्या संस्थेला. आश्रमशाळा आहे, गोशाळा आहे, देवस्थान आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

विचार चांगला आहे, पण तो अमलात आणायची जी पद्धत रूढ आहे, म्हणजे चावी आणि आरसी बुक संस्थेच्या माणसाच्या हातात ठेवून नमस्कार करायचा, ती देणाऱ्यालाही घातक आहे आणि घेणाऱ्यालाही. गाडी म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे लोखंड, ॲल्युमिनियम, काच, रबर आणि तांब्याच्या तारा असा माल. दुसरी म्हणजे परिवहन खात्याच्या दफ्तरातली एका माणसाच्या नावावरची नोंद. धडक बसल्यावर पहिलीची किंमत उतरते. दुसरीची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. म्हणून मोडक्या गाडीचे दान करायचे असेल तर आधी ती नोंद निकालात काढावी, मालाचे पैसे करावेत आणि ते पैसे द्यावेत, असे माझे म्हणणे आहे. याला एकच खरा अपवाद आहे आणि योगायोगाने तो आंबेगाव तालुक्यातच सापडतो. त्याकडे येईनच.

आधी नोंदीचे पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी हस्तांतरित झाली की राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत जुन्या मालकाने तसे कळवायचे असते आणि नव्या मालकाने ३० दिवसांच्या आत नाव लावून घ्यायचे असते. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म असतात. गाडीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर तो उतरवायला ३५ क्रमांकाचा. जुन्नर आणि आंबेगावच्या गाड्यांना ‘एमएच १४’ क्रमांक मिळतो, म्हणजे त्यांचे दफ्तर पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे. तिथवर खेटे घालायचे कोणाच्या जिवावर येत नाही? त्यातून व्यवहार दानाचा, पैशांची देवघेव नाही, म्हणून कागद आणखीच मागे पडतो. या आळसाची किंमत काय असते हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात स्पष्ट केले. एका माणसाने २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे आणखी काही हातांत फिरली, पण आरटीओतले नाव बदलले नाही. मे २००९ मध्ये त्या गाडीने अपघात केला, एकाचा जीव गेला. नुकसानभरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितले, ज्याचे नाव दफ्तरात आहे त्याने. गाडी प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात होती, कोण चालवत होते, याचा शोध घेत अपघातग्रस्ताच्या कुटुंबाने वणवण करावी, हे कायद्याला मान्य नाही. न्याय म्हणून हे बरोबरच आहे. पण आपण गाडी दान केली असे समजून निवांत बसलेल्या माणसाचा विचार करा. धर्म करता कर्म उभे राहते ही म्हण जणू त्याच्यासाठीच केलेली.

मोडकी गाडी तर चालतच नाही, मग अपघात कसला, असे वाटेल. पण चालत नसलेल्या गाडीच्या कागदांना चालत्या गाडीपेक्षा वेगळाच बाजार असतो. चोरीची गाडी खपवायची तर तिला दुसरी ओळख लागते आणि ती ओळख देतात पूर्ण नुकसान झालेल्या गाडीचे आरसी बुक, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी उचलायची, नंबर ठोकून बदलायचे आणि मेलेली गाडी जिवंत झाली म्हणून फिरवायची, ही युक्ती पोलिसांना चांगली ठाऊक आहे. विम्याची पद्धतही नकळत याला वाट करून देते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या घोषित विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की सर्व्हेअर गाडी ‘टोटल लॉस’ ठरवतो. मग पुष्कळदा मोडीची किंमत वजा करून उरलेली रक्कम मालकाला मिळते आणि सांगाडा त्याच्याकडेच राहतो, जिवंत आरसी बुकासह. मोटार वाहन कायद्याचेच कलम ५५ सांगते, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत तसे कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी. हे कलम किती जण वाचतात? सांगाडा परड्यात पडून राहतो, नोंद पिंपरीत जिवंत राहते आणि चार वर्षांनी त्या सांगाड्याला ‘दान’ म्हणून पाय फुटतात.

गाडी दान करण्याची कल्पना आपल्याकडे बरीचशी अमेरिकेतून आली आहे. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तिथल्या रेडिओवरच्या जाहिराती पाठ असतात: गाडी चालो न चालो, आम्ही उचलून नेऊ, तुम्हाला करसवलत मिळेल. हा तिथला मोठा धंदा आहे आणि त्याचा हिशेब तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००३ मध्ये मांडला होता. २००० या करवर्षात अंदाजे ७ लाख ३३ हजार करदात्यांनी गाडी दान केल्याची वजावट मागितली आणि त्यामुळे सरकारचा सुमारे ६५ कोटी ४० लाख डॉलर कर बुडाला. संस्थांच्या हाती काय पडले? तपासलेल्या ५४ गाड्यांपैकी दोनतृतीयांश गाड्यांच्या बाबतीत दात्याने दाखवलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी. मधले पैसे उचलून नेणाऱ्याच्या, लिलाव करणाऱ्याच्या आणि जाहिरातदाराच्या खिशात गेले. आणि मुळात दात्याने दाखवलेली किंमतच फुगवलेली होती. शहाण्या सरकारने २००४ मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची असेल आणि संस्थेने गाडी विकून टाकली असेल, तर विक्रीतून प्रत्यक्ष आलेल्या रकमेइतकीच वजावट मिळते. म्हणजे अमेरिकेनेही शेवटी ‘गाडीची किंमत म्हणजे तिचे आलेले पैसे’ हेच सूत्र मान्य केले. फक्त तिथे पोचायला आधी बराच कर गमावला.

आपल्याकडे तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण आयकराच्या ‘८०-जी’ सवलतीत वस्तुरूप दानाला जागाच नाही. दान पैशांत असेल तरच वजावट. त्यातही रोख असेल तर २,००० रुपयांपर्यंतच. त्यावर चेक, बँक ट्रान्सफर किंवा यूपीआय. लाखाची गाडी संस्थेच्या दारात नेऊन उभी केली तरी करात एक रुपया सुटत नाही. तीच गाडी ४०,००० रुपयांना मोडीत काढून ते पैसे ८०-जी मान्यता असलेल्या संस्थेला चेकने दिले, तर जुन्या करपद्धतीत राहिलेल्या माणसाला साधारणपणे निम्म्या रकमेची, म्हणजे २०,००० रुपयांची वजावट मिळते आणि तो २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकर धरून ४,१६० रुपये कर वाचतो. स्वतःच्या वापरातली मोटार विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा करही नाही, कारण कायद्याच्या भाषेत ती वैयक्तिक वापराची वस्तू आहे. अर्थात नवी करपद्धत निवडलेल्याला ही वजावट नाहीच. आणि या दोन तालुक्यांतल्या ज्या कुटुंबांचे उत्पन्न शेतीचे आहे, त्यांना त्या उत्पन्नावर आयकरच नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालणाऱ्या शेतकऱ्याला ८०-जीचे आमिष दाखवून काय उपयोग? त्याच्या दानामागे आवळा देऊन कोहळा काढण्याचा हिशेब नाही, ही एका अर्थी चांगली गोष्ट आहे. म्हणूनच त्याचे दान वाया जाऊ नये याची काळजी जास्त घ्यायला हवी.

गाडीचे पैसे करण्याचा सरळ रस्ता आता उपलब्ध आहे. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये वाहने मोडीत काढण्याचे धोरण मांडले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत मोडकेंद्रांची नियमावली काढली. अशी केंद्रे आता पुण्याच्या परिसरातही आहेत. तिथे गाडी नेली की आधी ती ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत आणि चोरीच्या गाड्यांच्या राष्ट्रीय नोंदीत तपासली जाते, बोजा आहे का ते पाहिले जाते आणि मग मालकाला पैशांबरोबर ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळते. पुढे गाडी मोडल्याचा दाखला निघतो आणि दफ्तरातली नोंद संपते. वर ज्या दोन धोक्यांची चर्चा केली, अपघाताची जबाबदारी आणि कागदांचा गैरवापर, त्या दोन्हींचे मूळ इथे उपटले जाते. पैसे किती मिळतात? धोरणातला अंदाज असा, की त्याच प्रकारच्या नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के. नवी गाडी ८ लाखांची असेल तर ३२ ते ४८ हजार. शिवाय ते सर्टिफिकेट दाखवून नवी खासगी गाडी घेतली तर मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राच्या नियमात राज्यांना आहे. प्रत्यक्ष टक्का राज्य ठरवते. इथे एक गंमत लक्षात घ्यावी. गाडी जशीच्या तशी दान केली तर ही सवलतही हातची जाते. मोडीत काढून पैसे दान केले तर संस्थेला रोकड मिळते आणि सवलतीचा कागद दात्याकडेच राहतो. त्यातून वाचलेली रक्कमही त्याने संस्थेलाच द्यायची ठरवली तर दान आणखी वाढते.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात जड आक्षेप असा, की संस्थेला पैशांपेक्षा गाडीचीच गरज असते. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम भाग पाहिला की या म्हणण्यातले बळ कळते. आहुप्यापासून इंगळूणपर्यंतचा आदिवासी पट्टा डोंगराळ आहे, पाऊस धो धो पडतो, वस्त्या विखुरलेल्या आहेत. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असले तरी माळीणसारख्या गावापासून दवाखाना, कॉलेज, बाजार सगळेच लांब. अशा ठिकाणी काम करणाऱ्या संस्थेला दुरुस्त केलेली एक जुनी बोलेरो मिळाली तर कोणाचे काय वाईट होणार आहे? वाईट असे होते, की ज्या मुलखात गाडी बंद पडली तर मेकॅनिक मिळत नाही, नेमकी तिथेच आपण सगळ्यात बेभरवशाची गाडी पाठवतो. अपघातात चॅसी वाकलेली गाडी घाटात चालवणे म्हणजे काय, हे घाटातल्या ड्रायव्हरला विचारावे. त्यात दुरुस्तीचा खर्च, विमा, पीयूसी, टायर, डिझेल. गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणीच्या नूतनीकरणाला १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ५,००० रुपये शुल्क आणि वर राज्याचा पर्यावरण कर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि हा मसाला संस्थेच्या खिशातून जातो, दात्याच्या नाही. रुग्णवाहिका करू म्हणाल तर तेही होत नाही, कारण रुग्णवाहिकांच्या रचनेसाठी ‘एआयएस १२५’ हे राष्ट्रीय मानक आहे. जुन्या जीपमध्ये स्ट्रेचर टाकून वर निळा दिवा लावला की झाली रुग्णवाहिका, ते दिवस संपले. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचेही तसेच. उसाच्या फडातून रात्री-अपरात्री फोन येतो तेव्हा बचावाची गाडी पहिल्या चावीला सुरू व्हावी लागते.

या आक्षेपामागे एक सूक्ष्म अहंकारही दडलेला असतो. आपल्याला जे नकोसे झाले ते गरिबाला पुरेसे आहे, असे आपण न बोलता गृहीत धरतो. कठोपनिषदातल्या नचिकेत्याची गोष्ट सगळ्यांना यमाच्या संवादामुळे ठाऊक असते. तिची सुरुवात मात्र आपण विसरतो. बाप यज्ञात गायी दान करतो आहे आणि त्या गायी भाकड आहेत, ज्यांचे चारा-पाणी आणि दूध सगळे होऊन गेले आहे. पोराला ते पाहवत नाही, म्हणून तो बापाला प्रश्न विचारत सुटतो. पुढचे सगळे तत्त्वज्ञान त्या खवचट, पण रास्त प्रश्नातून निघाले. हे सांगण्याचा हेतू मोडक्या गाडीच्या मालकाला लाजवण्याचा नाही. त्याच्या गाडीत खरोखरच मोल शिल्लक आहे. ते मोल आता गाडीत नाही, मालात आहे, एवढेच.

दुसरा आक्षेप रोखठोक आहे. गावातला भंगारवाला दारात येतो, मोडकेंद्रापेक्षा चार पैसे जास्त देतो, पैसे लगेच मोजतो. मग तेच पैसे संस्थेला का देऊ नयेत? भाव जास्त असू शकतो, हे मान्य करायला हवे. त्याचे कारण असे, की भंगारवाला गाडी वजनावर विकत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे, हेडलाइट, अल्टरनेटर असे सुटे भाग काढून तो जुन्या बाजारात विकतो, आणि त्या बाजारावर आपल्या कितीतरी गॅरेजांची रोजीरोटी आहे. त्याला चोर म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्याने दिलेल्या वरच्या चार पैशांत आपल्या नावाच्या आरसी बुकाचीही किंमत धरलेली असू शकते आणि ती जोखीम आपण फुकटात विकतो. दुसरे, उरलेल्या कचऱ्याचे काय? इंजिनातले काळे तेल, बॅटरीतले शिसे आणि आम्ल, कूलंट, एसीतला वायू, न फुटलेल्या एअरबॅगेतले स्फोटक रसायन या गोष्टी उघड्यावर सोडल्या की त्या ओढ्यात आणि विहिरीत जातात. ज्या तालुक्यांची सगळी कमाई पाण्यावर आहे तिथे हा विषय शहरी चोचला मानता येणार नाही. १ एप्रिल २०२५ पासून आयुर्मान संपलेल्या वाहनांबाबत पर्यावरण खात्याचे वेगळे नियम लागू झाले आहेत. त्यांनुसार गाडी निकालात निघाल्यावर १८० दिवसांच्या आत तिला नोंदणीकृत मोडकेंद्रात किंवा नेमलेल्या संकलन केंद्रात पोचवण्याची जबाबदारी मालकावर आहे. तेव्हा आधी आरटीओत नोंदणी रद्द करून मग सांगाडा भंगारवाल्याला देऊ, ही पूर्वीची बऱ्यापैकी सभ्य वाटही आता नियमात बसत नाही.

तिसरी अडचण अंतराची आहे आणि ती खरी आहे. चालत नसलेली गाडी आळेफाट्याहून पुण्याच्या परिसरात न्यायची म्हणजे क्रेन किंवा टोइंगचा खर्च, आणि तो दानातूनच कापला जाणार. एकट्याने केले तर ४०,००० मधले किती उरतील कोण जाणे. हे काम खरे तर एकट्याने करायचे नाहीच. या भागात सहकाराची परंपरा आहे. निवृत्तीनगरचा विघ्नहर कारखाना आहे, दत्तात्रयनगरचा भीमाशंकर कारखाना आहे, बाजार समित्या आणि पतसंस्था आहेत. यांच्यापैकी कोणी एकाने वर्षातून एकदा आपल्या आवारात मोडक्या गाड्या जमवण्याचे शिबिर लावले, मोडकेंद्राला तिथेच बोलावले आणि एका मोठ्या ट्रेलरवर एका खेपेत गाड्या नेल्या, तर वाहतुकीचा खर्च विभागला जाईल. पतसंस्था असेल तर जुन्या कर्जाचा बोजा उतरवण्याचा कागदही जागेवरच निघेल, जो एरवी महिनोन् महिने अडून राहतो. पैसे कोणत्या संस्थेला जाणार ते आधी जाहीर करावे आणि नंतर प्रत्येक गाडीचे किती आले ते फलकावर लिहावे. हिशेब उघडा असला की किंमत कशी बदलते याचे एक नमुनेदार उदाहरण केरळातले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये महिंद्र कंपनीने गुरुवायूरच्या कृष्ण मंदिराला नवी कोरी थार अर्पण केली. मंदिराने ती लिलावात काढली तेव्हा एकच बोली आली आणि गाडी १५ लाख १० हजारांना गेली. त्यावरून वाद झाला, जून २०२२ मध्ये पुन्हा लिलाव झाला आणि त्याच गाडीचे ४३ लाख आले. देवाच्या गाडीलाही चार गिऱ्हाइके समोर असावी लागतात.

आता तो अपवाद. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि तिथे ऑटोमोबाईल अभियांत्रिकीची शाखा आहे. दोन्ही तालुक्यांत आयटीआय आहेत. आयटीआयतल्या ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किंवा डिझेल मेकॅनिकच्या वर्गाला चालणारी गाडी नकोच असते. उघडता येईल, कापता येईल, बिघडली तरी चालेल अशी गाडी हवी असते. गिअरबॉक्स अर्धा कापून आत दात कसे फिरतात हे दाखवायचे, वायरिंग उसवून पुन्हा जोडायचे, धडकेत चॅसी कुठे आणि का वाकली ते मोजायचे. इथे गाडीचा मोडकेपणा हाच तिचा गुण ठरतो. मंचरपासून तासाभराच्या आत चाकण आहे, जिथे महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, बजाज यांचे कारखाने आहेत. या मुलांना कामासाठी तिथेच जायचे असते. पुस्तकातल्या आकृतीवर शिकलेला मुलगा आणि खऱ्या इंजिनाची ऑइल सील बदलून हात काळे केलेला मुलगा यांच्यातला फरक शॉप फ्लोअरवर पहिल्या दिवशी कळतो.

मोडक्या गाडीतून काही नवे घडवण्याची परंपराही जवळच आहे. आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांना हाताने काम करता करता शिकवायचे, ही त्यामागची दृष्टी. तिथे जुन्या जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा, स्वस्त ट्रॅक्टर तयार झाला. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या देशाबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ २००२ मध्ये पाबळला काढली, त्यामागे या कामाची पुण्याई होती. मात्र अशा संस्थेला गाडी देतानाही कागदाचा नियम शिथिल होत नाही. उलट इथे तो जास्त काटेकोर हवा. संस्थेचे स्वीकृतीपत्र घ्यावे, २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म भरून गाडी संस्थेच्या नावावर करावी, गाडी क्रेनने न्यावी आणि शिकवून संपल्यावर उरलेला सांगाडा मोडकेंद्रात पोचवण्याची जबाबदारी संस्थेची, हे पत्रातच लिहून घ्यावे. सरकारी संस्थेत प्राचार्यांच्या एका सहीवर हे होत नाही, वेळ लागतो. लागू द्यावा. आणि आधी विचारावे. एकाच जुन्या मॉडेलच्या पाच गाड्या वर्कशॉपच्या मागे पडल्या तर तीही अडगळच. अवसरीच्या मुलांना आज कार्ब्युरेटरपेक्षा सेन्सर आणि वायरिंग असलेली गाडी जास्त शिकवेल.

राहता राहिला भावनेचा प्रश्न. वडिलांनी घेतलेली पहिली गाडी, लग्नात सजवलेली गाडी, तिला पुण्याच्या केंद्रातल्या यंत्राखाली पाठवायचे म्हणजे जड जाते. त्यापेक्षा ती ‘कुणाकडे तरी आहे’ हा विचार सुखाचा वाटतो. पण खरोखर ती कुणाकडे असते? संस्थेच्या आवारात दोन पावसाळे उभी राहिली की उंदीर वायरिंग कुरतडतात, पत्रा गंजतो आणि शेवटी तोच भंगारवाला येऊन तीच गाडी कमी भावात उचलतो. नाव मात्र अजून तुमचेच असते.

तेव्हा परड्यात अशी गाडी उभी असेल तर येत्या पावसाळ्याची वाट पाहू नका. ज्या संस्थेला द्यायचे आहे तिला आधी विचारा, की गाडी हवी की पैसे. पैसे हवे असतील तर बोजा उतरवून घ्या, मोडकेंद्रात गाडी द्या, सर्टिफिकेट आपल्याजवळ ठेवा आणि रक्कम चेकने पाठवून पावती घ्या. संस्थेला गाडीच हवी असेल तर नाव बदलल्याचे आरटीओच्या दफ्तरात दिसेपर्यंत चावी हातची सोडू नका.